पंधरा वर्षांचं पासिंग

माझी बायको वारली त्याच्या चौथ्या महिन्यात माझ्या मोटारसायकलचं पासिंग संपलं. मला पत्ताही नव्हता. रेणापूरच्या रस्त्यावर पोलिसानं हात दाखवला, कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, बाबा, पंधरा वर्षं झाली, ही गाडी आता कागदावर मेली. तो वाईट मनानं बोलला नाही, त्यांच्यात तसंच बोलत असतील. पण त्या दिवसांत मेली हा शब्द कुणी काढला की माझं डोकं फिरायचं. मी त्याला दोन शब्द वाकडे बोललो. तरी त्यानं सोडलं. पुढच्या खेपेला गाडी जमा करीन, असं बजावून सोडलं.

मी कुठं चाललो होतो ते सांगतो. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. तिला आमच्या रानात लिंबाच्या झाडाखाली बसवून माती दिली. रान रेणापूरच्या पुढं, आणि मी राहतो लातुरात, एका दालमिलच्या मागं एका खोलीत. एसटी फाट्यावर सोडते. फाट्यापासून रान सहा किलोमीटर. माझा डावा गुडघा कामातून गेलेला. थोडं चाललं की बसावं लागतं, बसलं की उठवत नाही. गाडी असली तर दर सोमवारी तिच्याजवळ जाणं होतं. गाडी गेली तर होत नाही. एवढीच गोष्ट आहे. मला गाडीचं दुसरं काही कौतुक नाही.

पोरगा पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, बाबा, ती भंगारात घाला, मी महिन्याला एकदा जीप सांगतो तुमच्यासाठी. मी म्हणालो, मला महिन्याला नको, सोमवारी पाहिजे. फोन ठेवून दिला.

गाडी नांदेडची. मी तेव्हा नांदेडला जिनिंगवर कामाला होतो, तिथंच घेतली, नंबरही तिथलाच. म्हणून पासिंगही नांदेडला. बायकोचं माहेर अर्धापूरला. तिला अधूनमधून माहेरी जायला बरं म्हणून गाडी घेतली, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. बोलायला पाहिजे होतं.

गाडीनं पंधरा वर्षांत आम्हाला रस्त्यात टाकलं नाही. लोह्याजवळ एकदा क्लचची वायर तुटली. एकदा पेट्रोलमध्ये कचरा आला, फुंकून काढला. बस. ऑइल मी स्वतः बदलायचो, चेनीला हातानं तेल लावायचो. ती गेली त्या दिवशीसुद्धा गाडीचं काही चुकलं नाही. दोन दिवस ती म्हणत होती, छातीत जळजळतंय. मी म्हणालो, कालचं तिखट बाधलं असंल, सोडा पी. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीला टेकून बसली ती उठेना. गाडी एका किकमध्ये चालू झाली. शेजाऱ्यानं मागं बसून तिला धरलं. दवाखान्यापर्यंत गाडी कुठं अडखळली नाही. उशीर गाडीनं केला नाही. मी केला.

तर एका सकाळी मी एकटाच लातूरहून निघालो. अहमदपूर, लोहा, नांदेड. प्रत्येक चौकात वाटायचं, आता धरतील. कुणी धरलं नाही. आरटीओ ऑफिसच्या मागं मैदानात गाड्यांची रांग होती. तपासणारा साहेब माझ्या पोरापेक्षा लहान, डोक्याला टोपी, हातात फळी आणि फळीवर कागद.

त्यानं विचारलं, आरसे कुठं आहेत. मी म्हणालो, नाहीत. इंडिकेटर दाबून दाखवा म्हणाला. दाबलं, लागेना.

"किती दिवस झाले बंद हाय?"

"मला कधी लागलंच न्हाई साहेब. मंडळी मागं बसून हात काढायची."

हे खरं होतं. वळायचं असलं की ती आपणहून हात बाहेर काढायची, बांगड्यांचा आवाज झाला की मी वळायचो. मागून ट्रक आला की पाठीवर बोट टोचायची. लातुरात एकदा एका रिक्षावाल्याला तिनं मागच्या मागं अशा शिव्या घातल्या की तो पुढच्या चौकापर्यंत आमच्या पुढं आला नाही. आरसे होते आधी. हँडल अडकतंय म्हणून मीच काढून टाकले.

साहेब म्हणाला, "मग आता कोण हात काढतं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि कागदावर फुली मारली. मग ब्रेक दाबायला लावला, मागची लाल लाईट लागली नाही. फुली. मागच्या टायरवर हात फिरवला, टायर माझ्या डोक्यासारखं गुळगुळीत. फुली. पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढं-मागं हलवलं तर आतून खट्ट खट्ट आवाज आला. हँडलच्या मानेतला कोनसेट गेलाय म्हणाला. फुली. मी म्हणालो, साहेब, ही गाडी आत्ता लातूरहून आली, मध्ये खोकलीसुद्धा नाही. तो म्हणाला, बाबा, गाडी पळती का ते मी बघत नाही. मागच्या माणसाला तुम्ही दिसता का, आणि तुम्हाला मागचं दिसतं का, ते बघतो. हे सगळं करून आणा, मग नंबर बघू.

मी गाडी घेऊन अर्धापूरला मेव्हण्याकडं गेलो. त्याची केळीची बाग आहे. चार दिवस राहिलो. तिथल्या मिस्त्रीनं टायर बदललं, कोनसेट बदलला, वायरिंग नवं ओढलं. मेव्हणा बाजेवर बसून बघायचा. त्याची बहीण गेलेली, त्याचंही तोंड उतरलेलं, पण जिभेला हाड नाही.

"दाजी," तो म्हणाला, "पंधरा वर्षं तुम्ही आमच्या अक्काला आरसा करून फिरवली म्हणा की."

मिस्त्री हसला. मीही हसलो. मग मेव्हणा उठून बागेत गेला आणि लई वेळ आला नाही.

पाचव्या दिवशी परत नांदेड. आता दोन्ही बाजूंना आरसे. सवय नाही म्हणून सारखं त्यात बघणं व्हायचं. एका आरशात माझं कोपर आणि दुसऱ्यात मागचा रस्ता. सीटवर कुणी नसल्यामुळं रस्ता पार लांबपर्यंत दिसायचा. मी ते आरसे बाहेरच्या बाजूला फिरवून टाकले आणि ऑफिस आल्यावर परत नीट केले.

साहेबानं ओळखलं. एकेक बघत गेला. लाल लाईट लागली, इंडिकेटर लागले, हॉर्न वाजला, हँडल घट्ट. मला वाटलं, झालं. सोमवारी मी रानात. तेवढ्यात तो गुडघ्यावर बसला, हँडलच्या खाली, गाडीच्या मानेपाशी.

"बाबा, हे काय फासलंय?"

"विभूती हाय."

गाडी घेतली त्याच आठवड्यापासूनचं ते. दर सोमवारी तिची पूजा झाली की विभूती पाण्यात कालवायची, आधी स्वतःच्या कपाळाला, मग माझ्या, मग तीन बोटं गाडीला. गाडीचं कपाळ म्हणून तिनं मानेवरची ती जागा धरलेली. तिथं बारीक अक्षरं कोरलेली होती. तिला वाचता येत नव्हतं. मला येतं, पण मी काही बोललो नाही. उलट गाडी धुताना मी तेवढी जागा सोडायचो, नाही तर तिचं तोंड सुटायचं. थरावर थर बसून तिथं भिंतीच्या चुन्यासारखं जाड झालं होतं. ती गेल्यापासून मी तिथं काही लावलं नव्हतं. वरच्या थरावर तिची तीन बोटं तशीच होती.

साहेब म्हणाला, याच्याखाली चेसिस नंबर आहे, साफ करा. मी म्हणालो, बाकीचं सगळं बघितलं ना, एवढं सोडा. कागदावरची गाडी हीच आहे हे मला कसं कळायचं, तो म्हणाला. मी म्हणालो, मला कळतं.

"तुम्हाला कळतं हो बाबा. कागदाला कळत न्हाई."

मी गाडी बाजूला घेतली आणि बसून राहिलो. रांगेतला एक माणूस चांगला होता, म्हणाला, द्या इकडं, मी घासतो. मी त्याच्या अंगावर ओरडलो. तो गप निघून गेला. ऊन चढलं. दोन गाड्या राहिल्या, मग साहेब जेवायला जाणार. मी तिच्या तीन बोटांवर माझी तीन बोटं ठेवून बघितली. माझी जाड, बसली नाहीत. मग मनाला म्हणालो, ही राख ठेवून काय करतोस, तिकडं ती बसलीय. पेट्रोलच्या नळीला फडकं लावून ओलं केलं आणि नाण्यानं खरवडायला लागलो. खाली रुमाल धरला होता. आधी पांढरं पडलं. मग तपकिरी पडायला लागलं. मग लाल, नुसता गंज. हात थांबवता येईना, कारण आता निम्मं निघालेलं होतं.

साहेबानं नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून फिरवली. सुरुवातीची अक्षरं उमटली. शेवटचीही उमटली. मधली तीन नाहीत. तिथं लोखंडच खाल्लेलं, बोट फिरवलं तर खड्डे लागत होते. त्यानं तीनदा कागद बदलला. मग म्हणाला, राख ओल धरते बाबा, पंधरा वर्षं ओल धरली. तीन आकडे जुळत नाहीत, मला पास करता येणार नाही. चोरीच्या गाडीचाही नंबर असाच घासलेला असतो. आता अर्ज करा. जुनं रेकॉर्ड निघंल, मोठे साहेब बघतील, परवानगी दिली तर नंबर नव्यानं ठोकता येईल. तोवर गाडी रस्त्यावर आणू नका.

किती दिवस, मी विचारलं. सांगता येत नाही म्हणाला.

मी त्याचा हात धरला. मला लाज वाटली नाही. रांगेतली माणसं बघत होती, बघू दे.

"साहेब, ती रानात हाय. मला सोमवारी जायचंय."

"कोण?"

"बायको."

त्यानं हात सोडवून घेतला नाही. म्हणाला, "बाबा, माझी पण नोकरी हाय." माझं अक्षर हळू निघतं म्हणून अर्ज त्यानंच लिहिला, टाकीवर कागद ठेवून. मी खाली सही केली. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याला शिव्या देत घरी गेलो असतो. आता कुणाला देऊ? नंबर तिनं लावलेल्या विभूतीनं खाल्ला, आणि ती जागा धुवायची सोडली मी.

मेव्हण्यानं केळीच्या टेम्पोत गाडी घालून अर्धापूरला नेली. मी एसटीनं लातूरला आलो.

सोमवारी सकाळी फाट्यावर उतरलो. काठी घेतली होती. पहिला किलोमीटर बरा गेला. दुसऱ्यात तीनदा बसलो. रस्त्यानं दोन मोटारसायकली गेल्या, दोन्हींवर तिघं तिघं. नाल्याच्या पुलापर्यंत पोचलो तेव्हा गुडघा सुजून विजार घट्ट झाली होती. पुलावरून आमच्या लिंबाचा शेंडा दिसतो. तिथून पुढं पाय टाकला आणि कठड्याला धरून खाली बसलो ते बसलोच. तास झाला असंल. उठून बघितलं, दोन पावलं, परत बसलो.

मग मी तिथूनच मोठ्यानं बोललो. म्हणालो, तुझी विभूती मी खरवडून काढली. नंबर काही निघाला नाही. गाडी तुझ्या माहेरी ठेवलीय, मला काही येता येईना. शेजारच्या सोयाबीनमध्ये एक बाई खुरपत होती. तिनं मान वर करून विचारलं, "मला म्हणालाव का, आप्पा?"

मी म्हणालो, न्हाई बाई, तुला न्हाई. ती परत खुरपायला लागली.

उतरत्या उन्हात बसत बसत फाट्यावर आलो. अर्जाला आता दोन महिने होत आले. दोनदा नांदेडला जाऊन विचारलं, रेकॉर्ड काढायचं चालू आहे म्हणतात. मधल्या प्रत्येक सोमवारी मी फाट्यावर उतरलो. नाल्याच्या पुढं एकदाही जाता आलं नाही.