मामांचा धनेश

मानवतला समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या बायकोच्या मामांनी आजवर मनावर घेतलेली नाही. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यापासून हा गृहस्थ एकच पक्षी रंगवतो आहे: अंदमानाकडच्या नार्कोंडम बेटावरचा धनेश. काळं अंग, तांबूस मान, पांढरी शेपटी आणि चेहऱ्याला न पेलणारी भलीमोठी चोच. जगात हा पक्षी त्या एवढ्याशा बेटावरच राहतो आणि तिथंही थोडाच उरलाय, हे मामांनी कुठंसं वाचलं आणि सगळी जबाबदारी अंगावर घेतली. "तिथं काही बरंवाईट झालं, तर मानवतात तरी असावा का न्हाई, जावईबापू?" असं ते मला विचारतात.

तेव्हापासून गल्लीतली पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली, काही म्हणता काही सुटलं नाही. पोळ्याला एकानं बैल रंगवायला दिला, तर त्याच्या पाठीवर धनेश बसला. एका लग्नघरी दारावर मोर काढायला बोलावलं होतं. वरात आली तेव्हा दाराच्या दोन्ही बाजूंना धनेश. व्याह्यांनी गरुड समजून हात जोडले, म्हणून निभावलं. गिरणीवरच्या धनेशाला तर बायका कुंकू लावू लागल्या. मामा ओलं फडकं घेऊन जातात आणि पुसत ओरडतात, "देव न्हाई हो त्यो! मान तांबूस हाय त्याची, लाल करू नका!"

चित्रात मादी मात्र कधीच नसायची. झाडाच्या ढोलीला एक फट आणि बाहेर चोचीत फळ धरलेला नर, बस्स. मादी अंडी घालायला ढोलीत शिरते, दार लिंपून घेते आणि नर तिला त्या फटीतून भरवत राहतो. "मलाबी जलमभर आतच ठिवलं बघा," असं मामी पाहुण्यांना हसत सांगायच्या.

मागच्या वर्षी मामी न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर चाला म्हणत होते, पण मामींनी जी धास्ती घेतली, ती खाट काही सोडेनात. पुन्हा उठतात की नाही, याचा आम्हा सगळ्यांनाच घोर लागला. मामा दुधात भाकर कुस्करून आत नेऊ लागले. मी भेटायला गेलो, तेव्हा खाटेसमोरच्या भिंतीवर ढोली तयार होती. "आत असतानी तिची पिसं गळतेत," मामा मला सांगत होते, पण मामींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मंग नवी येतेत. नवी आली की निघती बाहेर." मामींनी कूस बदलली.

दिवाळीत गेलो, तर मामी वॉकर धरून खोलीच्या उंबऱ्याशी उभ्या! भिंतीवरच्या फटीतून एक काळं डोकं बाहेर आलेलं.

"एवढीच?" मी विचारलं.

"उंबऱ्यापतूरच आलीय अजून," मामा म्हणाले. "जेवढी आली तेवढी काढली."

"अवो, पर मान लय काळी केली माझी," मामी म्हणाल्या.

"मादीची काळीच असती."

परवा मामांचा फोन आला. भाकर कुस्करून आत गेले, तर खाट रिकामी. शोधतात तो मामी दाराबाहेरच्या ओट्यावर, शेजारणीशी गप्पांत रंगलेल्या.

"मंग आता मादी सगळी काढा की," मी म्हणालो.

"काढतो की. पर खोली लय सुनी वाटायलीय बघा."

"आणि भाकर?"

"भाकर व्हय? नेऊन दिली की ओट्यावर."