पाहणीचा कार्यक्रम, स्थळ: आमचं अंगण

माझं लग्न जनावरांच्या बाजारात जमलं. लोकांना वाटतं मी अलंकारिक बोलतोय. नाही.

त्या वर्षांत महागाव तालुक्यात कापसाला भाव नव्हता, आणि कापूसवाल्याच्या पोराला तर त्याहून नव्हता. मुलीकडचे पहिल्यांदा विचारत, नोकरी कुठं? मी छाती काढून सांगायचो, "माझी वेबसाइट आहे!" तालुक्यात कुठं कीर्तन, कुठं कबड्डी, कुठं उरूस, कुठं डोळ्यांचं शिबिर, सगळं आधी माझ्या साइटवर. नेटवाले मोबाइल नुकतेच गावोगाव आले होते आणि मी स्वतःला जिल्ह्याचा भावी मोठा माणूस समजत होतो. (अजूनही समजतो. घरात मी एकटाच समजतो.) सगळ्यात जास्त चालायचं ते जनावरांच्या बाजाराचं पान. कापूस पडला की माणूस बैल विकायला काढतो. ते पान चाललेलं पाहून वाईट वाटायचं, पण चालायचं.

अशात पुसदकडून स्थळ आलं. मुलगी वैशाली, बी.ए. झालेली. तिचे वडील घर पाहायला येणार होते. आमच्याकडे पोरगी देण्याआधी पोराचं घर, विहीर, गोठा सगळं डोळ्यांनी पाहून जातात. मध्यस्थाजवळ ते म्हणाले होते, पोरगा इंटरनेटवर नेमकं काय करते ते काही दिसून नाही राह्यलं. म्हटलं, दाखवतोच! त्यांच्या भेटीचाच कार्यक्रम साइटवर टाकला, नकाशासकट, आणि निरोप धाडला की मोबाइलवर पाहत या. आता नवं पान कोण लिहीत बसणार? बाजाराचंच पान उचललं आणि वरचं तेवढं बदललं: 'पाहणीचा कार्यक्रम. स्थळ: आमचं अंगण. शुक्रवारी सकाळी.' खालचा मजकूर तपासायची मला सवय नव्हती. माझ्या कामात चूक होतच नसे ना!

शुक्रवारी मायनं सडा टाकला, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं, पोह्यांना कांदा चिरायला घेतला. तेवढ्यात एक गडी गोऱ्हा घेऊन अंगणात शिरला. बाबांनी काय काम काढलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, पाहणीले आणला. त्याच्यामागं बैलजोडी आली. मग दुसरी जोडी. मग एक म्हैस, तिनं सड्यावर आपल्या परीनं भर घातली. मग बकऱ्या आल्या आणि त्यांतल्या एकीनं तोरण खाल्लं.

"हे काय होय बे?" बाबांनी विचारलं.

मी अजूनही खुशीतच होतो. "बाबा, पब्लिक येऊन राह्यली म्हणजे साइट चालून राह्यली!"

बाबा चप्पल काढायला वाकले आणि नेमकी तेव्हाच दारात जीप उभी राहिली.

वैशालीचे वडील उतरले. मागून वैशालीही उतरली. मुलीनं यायची रीत नाही, पण घरी मोबाइलवर ते पान वाचून ती हट्टानं आली होती. (हे मला नंतर कळलं. सगळंच मला नंतर कळतं.) तिच्या वडिलांनी अंगणभर नजर फिरवली आणि चेहरा खुलला. एवढी जनावरं तुमचीच काय, असं त्यांनी विचारलं. बाबा सरळ माणूस, ते खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "हो जी, आपलीच समजा."

ते समजलेही असते. पण गोऱ्हेवाला पुढं आला आणि त्यांनाच जनावर विकायला आलेले समजून विचारता झाला, तुमची म्हैस कोणती अन् दूध किती देते?

मग काय, सगळंच बाहेर पडलं. ते जीपकडे वळले. "चाल वैशाली. पोट्टा खोटारडा हाय." माय दारात विळी धरून उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि ते कांद्यानं नव्हते. जमत आलेलं स्थळ माझ्या जिभेनं घालवलं होतं.

वैशाली मात्र जागची हलली नाही. तिनं मोबाइल काढला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, "दात पाहून घ्यावे. मारका नसल्याची खात्री करावी. चालवून पाहावे. एकदा सौदा झाला की माल परत घेतला जाणार नाही." मग वडिलांना म्हणाली, "बाबा, थांबा ना. पाहणी तं होऊ द्या."

बैलवाले सगळे कोंडाळं करून उभे राहिले.

"यातली तुमची जनावरं किती?" तिनं मला विचारलं.

"एकही नाही. आमचा एकच बैल हाय, तो गोठ्यात हाय."

"अन् दुसरा?"

"मागच्या साली विकला."

"कुठून?"

"याच पानावरून."

तिनं गोठ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे साइट चालते तं." आणि मला विहिरीपर्यंत जाऊन यायला सांगितलं. मी गेलो आणि आलो. गोऱ्हेवाल्यानं मान डोलावून चाल चांगली असल्याचा निर्वाळा दिला! तिच्या वडिलांना हसू आवरेना. जाताना ते पोहे खाऊन, होकार देऊन आणि तो गोऱ्हा घेऊन गेले.

आता साइटवरचं प्रत्येक पान आधी वैशाली वाचते. ते एक पान मात्र ती पुसू देत नाही. परवा कशावरून तरी भडकली आणि मला दंडाला धरून बाबांपुढं उभं केलं. म्हणाली, मामाजी, घ्या तुमचा पोरगा परत, आता माझ्याच्यानं होत नाही.

बाबांनी मला खालून वरपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, पान काढ अन् शेवटची ओळ वाच."