पदराचं टोक

पदराचं टोक दोन बोटांत धरायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग समोरच्या मुलीला म्हणायचं, "हं. आता श्वास सोड." धाराशिवच्या आमच्या स्टुडिओत काकू फोटो काढण्याआधी एवढं करायच्याच. लोकांना वाटायचं, बाई काहीतरी मंत्र म्हणतात. त्या फक्त कापड किती जड आहे आणि कसं पडेल हे बघायच्या.

हल्ली फॅशन फोटोग्राफर व्हायचं म्हणून मुलं-मुली मला फोन करतात. कॅमेरा कोणता घेऊ, पुण्याला येऊ की मुंबईला जाऊ, असं विचारतात. मी त्यांना काकूंबद्दल सांगत बसते आणि ती कंटाळतात. तुम्ही कंटाळू नका. मला जे काही येतं ते काकूंचं आहे, आणि जे हातून बिघडलं ते माझं.

स्टुडिओ मूळचा त्यांच्या यजमानांचा. ते गेल्यावर काकूंनी कॅमेरा गळ्यात घातला. फोटो काढणारी बाई आहे म्हटल्यावर आसपासच्या गावांतल्या आया स्थळासाठी फोटो काढायला मुलींना बिनघोर तिथंच आणायच्या. जिच्याकडं धड साडी नसेल तिच्यासाठी स्टुडिओची एक जांभळी साडी होती. एकदा ढोकीच्या एका घरात दोन्ही सुनांचे लग्नाआधीचे फोटो भिंतीवर शेजारी-शेजारी लागले. सासूबाई तडक स्टुडिओत आल्या. "ही साडी दोघींच्याबी अंगावर हाय, मग माझ्या घरात एकबी कशी आली न्हाय?" काकू म्हणाल्या, "मावशी, साडी आमची. सुना तेवढ्या तुमच्या." सासूबाई हसून चहा पिऊन गेल्या.

मी तेरहून रोज एसटीनं यायचे. बी.ए. झालं होतं, पंचविशी उलटली होती आणि घरचे स्थळं बघत होते. फॅशन फोटोग्राफर व्हायचंय हे मी ज्याला सांगितलं तो हसला होता. काकू हसल्या नाहीत.

"साडी नेसवता येती का?"

"नाही."

"मग फ्याशन कशाची काढतीस पोरी?"

महिनाभर त्यांनी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. इस्त्री करायची, निऱ्या घालायच्या, पिना अशा लावायच्या की दिसायला नकोत. पंधरा दिवस पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडं बसवलं. ताग्यातून कापड कसं सुटतं, आडवं कापलं तर कसं लोंबतं, ते बघायला. मी चरफडायचे. आज माझ्याकडं येणाऱ्यांना मी तेच करायला लावते आणि ते चरफडतात.

त्यांचं शिकवणं असंच जाता-येता चालायचं. मुलगी आली की आधी विचारायचं, जेवलीस का. उपाशी माणसाचे खांदे पडतात. पदर सारखा करायचा तर विचारून, नाहीतर तिच्या हातानं. मुलीला उत्तरेच्या खिडकीशी उभं करायचं, उन्हाशी भांडायचं नाही. दाखवायला चाळीस फोटो नेलेस तर माणूस सगळ्यात वाईट तेवढा लक्षात ठेवतो, दहाच ने. आणि या सगळ्याच्या वर एक होतं, ते दिवसातून एकदा तरी ऐकायला मिळायचं. "कापडाबद्दल खोटं बोलायचं न्हाय. फोटो बघून माणूस कापड घेतो."

काकूंना साखरेचा आजार होता आणि तो डोळ्यांत उतरला होता. डोळ्यातल्या इंजेक्शनसाठी त्या सोलापूरला जायच्या आणि गल्लीत सांगायच्या, अल्बमचा कागद आणायला चालले. किती दिसतं हे मी एकदाच विचारलं. "तुझ्यापेक्षा जास्त," म्हणाल्या. पण त्यांना घाई झाली होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या पसंतीसाठी मुली उभ्या केल्या, आता कापडासाठी एकदा उभी करायची होती. "एकदाच गं. डोळे हायेत तवर एकदाच," असं त्या माझ्याशी कमी आणि कॅमेऱ्याशी जास्त बोलायच्या. आम्ही किती कंपन्यांना फोटो पाठवले! कुणी उत्तरच दिलं नाही, कुणी लिहिलं की आम्ही शहरातलाच फोटोग्राफर शोधतोय.

शेवटी पुण्याच्या एका साडीवाल्या कंपनीनं आठ इरकल साड्या पाठवल्या. फोटो आवडले तर वर्षभराचं काम देणार होते. खोक्यात चिठ्ठी होती, ती मीच वाचून दाखवली. साड्या जशा आल्या तशा परत कराव्यात, डाग पडता कामा नये. काकूंनी त्या दिवशी हात तीनदा धुतले आणि मग खोक्याला हात लावला.

फोटो तेरला नदीकाठी काढायचे ठरले. सकाळी आमच्या घरी साड्यांना इस्त्री करताना आई म्हणाली, "नवं कापड तसंच अंगाला लावू नये." कुंकवाचा करंडा तिनंच पुढं केला. मी आठही साड्यांच्या पदराच्या टोकाला हळदकुंकवाचं बोट लावलं, काकूंना यश येऊ दे म्हणून. हात जोडले. हळदकुंकू हा डाग असतो हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आणि काकू विधवा. त्यांच्या हातून नव्या साडीला हळदकुंकू लावून घ्यायची आमच्याकडं रीत नाही, म्हणून त्यांना विचारलंही नाही.

काकूंची साठी उलटली होती, पण त्या दिवशी त्या चाळिशीतल्या दिसत होत्या. नर्सिंगला शिकणारी माझी चुलत बहीण साड्या नेसून उभी होती आणि काकू पाण्यात घोट्यापर्यंत उतरल्या होत्या, म्हणून पदराचं टोक धरून बघायचं काम त्या दिवशी माझ्याकडं होतं. "वाऱ्याला धर तो पदर. सोडू नको. हां, आता श्वास सोड." आठही साड्यांचे पदर पसरून, टोकापर्यंत काढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत आम्ही फोटो कॉम्प्युटरवर बघायला बसलो. पहिलाच फोटो उघडला. पदराच्या टोकाला पिवळा-लाल ठिपका. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. काकू मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं एकेक फोटो बघत होत्या. एरवी सुटा धागा चार हातांवरून धरणारी बाई. मी शिव्यांची वाट बघत होते.

"काठ स्वच्छ हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला कळलं की त्यांना काय दिसत होतं. त्या आनंदात होत्या हो. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "व्हय काकू. एकदम स्वच्छ."

त्या सोलापूरला गेल्या त्या दिवशी मी आठही फोटोंतले ठिपके पुसले. बेमालूम. ते त्यांनीच शिकवलं होतं, मुरमांसाठी. एका साडीला साबण लावून पाहिला तर हळद लालभडक झाली, म्हणून बाकीच्या सातांना हात लावला नाही. ठिपका आत जाईल अशी घडी घातली आणि खोकं पाठवून दिलं.

फोटो कंपनीला फार आवडले. दोन दिवस काकू रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून बोलवत होत्या. तिसऱ्या दिवशी फोन आला. काकू फोन मोठ्या आवाजात ठेवायच्या. पलीकडची बाई सभ्य होती, आवाजही चढवला नाही. "साड्यांवर डाग आहेत आणि फोटोंत नाहीत. मग रंग तरी खरे कशावरून? आमचं गिऱ्हाईक फोटो बघूनच साडी घेतं. असं काम आम्हाला चालणार नाही."

"डाग? कसला डाग?" काकू म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "कुठं होता?"

"पदराच्या टोकाला. हळदकुंकू. मी लावलं होतं."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

"आन् मला दिसला न्हाय."

मला वाटत होतं, त्यांनी मला मारावं. त्या फोनमध्ये एवढंच बोलल्या, "चूक माझी हाय. फोटो मी बघितले हुते." फोन ठेवला आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. मी रडत पाय धरले. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. मग म्हणाल्या, "लावलंस ते चांगलं केलंस. पुसलंस ते वाईट केलंस." पट्टा त्यांनी पुन्हा गळ्यात घातला नाही.

मला मात्र त्यांनी पुण्याला पिटाळलं. "हितं बसून माझ्या डोळ्याला काय टेकू लावणार हायेस का?" आई-वडिलांना समजावायला तेरला स्वतः आल्या, एका हातानं माझा खांदा धरून.

पहिलं काम मिळालं तेव्हा मी त्यांच्यासाठी मोरपंखी साडी घेऊन गेले. तोवर त्यांना उजेड-अंधार एवढंच कळत होतं. मी म्हणाले, "काकू, घडी तुम्ही मोडायची." त्या साडी मांडीवर घेऊन नुसत्या हात फिरवत राहिल्या. "मला कोण सांगतंय गं घडी मोडायला," म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. मी पदराच्या टोकाला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि त्यांच्या चिमटीत ते टोक दिलं. त्यांना कळलं. बोटाला लागलेलं कुंकू त्यांनी पुसलं नाही.

उत्तरेच्या खिडकीशी त्यांना उभं केलं आणि त्यांच्याच कॅमेऱ्यानं फोटो काढला. सगळ्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या या बाईचा एकटीचा असा फोटोच नव्हता. "काकू, जेवलात का?" मी विचारलं. त्या हसल्या. मग मी म्हणाले, "हं. आता श्वास सोडा."

त्याच वर्षी दिवाळीआधी काकू गेल्या. तेराव्याला भिंतीवर लावायला हाच फोटो मोठा करून घ्यायचा होता, म्हणून मी शहरातल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं स्क्रीनवर फोटो मोठा केला, खालच्या कोपऱ्याशी थांबला आणि म्हणाला, "ताई, पदरावर डाग दिसतोय. काढून टाकू? एका मिनिटाचं काम आहे."

मी म्हणाले, "राहू द्या."