वाढत्या अंगाचा फ्रॉक

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, तू पाठवलेल्या महालक्ष्म्यांच्या फोटोतल्या त्या बाहुलीनं माझा फ्रॉक का घातलाय?" दुकानातून आणला त्या दिवशी मी तो पिवळा फ्रॉक तुला फोनवर दाखवला होता. तो तुझ्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं. मी नेटवर्कचं निमित्त करून विषय बदलला. खरं उत्तर लांब आहे आणि त्यात मी फारशी चांगली दिसत नाही, म्हणून लिहून पाठवते. बाबा वाचून दाखवतील. त्यांनीही ऐकावं.

आपल्या घराण्याच्या महालक्ष्म्या सेनगावजवळच्या गावी, तुमच्या मोठ्या आजीकडे बसतात. मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. भाद्रपदात या दोघी बहिणी माहेरी येतात, तीन दिवस राहतात आणि जातात. सोबत त्यांची दोन लेकरं असतात, एक मुलगा आणि एक मुलगी. आमच्याकडे त्यांना पिलवंडं म्हणतात. आपली पिलवंडं मातीची आहेत. तिवईवर बसवली की माझ्या कमरेला लागतात.

मोठ्या आजीला मूल झालं नाही. पोळा झाला की ती या दोघांच्या तयारीला लागते. पोरगं कारलं खात नाही, म्हणून नैवेद्याच्या सोळा भाज्यांतलं कारलं त्याच्या पानात नावापुरतं. पोरीला तिखट चालत नाही, म्हणून तिच्यासाठी बिनमिरचीची कढी वेगळी. हळदीकुंकवाला आलेल्या बायाही विचारतात, "पोरगी यंदा उजळली का हो?" आणि मोठी आजी सांगत सुटते. त्या तीन दिवसांत तिचा चेहरा पाहावा. तिच्या शेताचा, घराचा मला कधी हेवा वाटला नाही. त्या चेहऱ्याचा वाटतो, आणि दर वर्षी जरा जास्तच वाटतो. दोन जिवंत नातवंडं मला आहेत, आणि असा चेहरा तिचा होतो.

मी हिंगोलीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. जे आहे ते डोळे उघडून पाहावं, मनाचे खेळ करू नयेत, असं मुलांना सांगत आले. त्यामुळे तिच्या या प्रकाराला मी मनातल्या मनात नेहमी कमी मार्क दिले.

यंदा पोळ्यानंतर ती डोळे दाखवायला हिंगोलीला आली आणि माझ्याकडे राहिली. चादर काढायला मी कपाट उघडलं. खालचे दोन कप्पे तुमच्या कपड्यांचे आहेत, मापानं लावलेले. दर दिवाळीला घेतलेले आणि पाठवायचे राहून गेलेले.

"काहून गं मॅडमबाई, दुकान टाकून राहिलीस का?" ती म्हणाली.

"नातवंडांचे आहेत. येतील तेव्हा घालतील."

तिनं पिवळा फ्रॉक उचलला. "हा दे माह्या पोरीला."

"नाही देणार, बाई. तो माझ्या नातीचा आहे."

"केवढी झाली ती आता?"

मी हातानं उंची दाखवली, कमरेच्या जरा वर.

ती हसली. "तेवढी तर मागं आल्ती तवाच होती. तवापासून वाढलीच न्हाई व्हय? माही बरी, मातीची असून दर साली बोटभर वाढती."

मी कपाट बंद केलं.

तरी महालक्ष्म्यांना जाताना मी तो फ्रॉक पिशवीत घातला. उदार झाले होते असं समजू नका. फ्रॉक त्या मातीच्या पोरीला मोठा होणार हे मला ठाऊक होतं. तो खांद्यावरून घसरावा, चार बायांसमोर माती ती माती दिसावी, असं मला वाटत होतं.

फ्रॉक घसरलाच. मोठ्या आजीनं तोंडात टाचण्या धरल्या, खांद्याला चिमटा घेतला, कमरेला दोन चुण्या घातल्या आणि मागं सरून पाहिलं. "वाढत्या अंगाचा हाय. पुढच्या साली बराबर बसंल."

बाया म्हणाल्या, "व्हय, बसंल की."

मला राहवलं नाही. बाया गेल्यावर मी विचारलं, "बाई, तुम्हाला खरंच वाटतं का ही लेकरं आहेत?"

"येडी का काय तू? दर साली रंग मीच देते त्यायला. मला कळत न्हाई व्हय माती हाय ते?"

"मग?"

"मग काय? तीन दिस येतेत, जेवतेत, जातेत. तुझे किती दिस येतेत?"

मी पानं मांडायला उठले. तिचं सुख मातीचं आहे हे तिला पक्कं माहीत होतं. माझी नात मात्र मी कपाटात कमरेएवढी करून ठेवली होती, आणि त्यालाच डोळे उघडे ठेवणं म्हणत होते. शिवाय माझ्या त्या खेळात ना कढी होती, ना कुणी विचारायला येत होतं.

तिसऱ्या दिवशी पिलवंडं तिवईवरून उतरवताना ती रडली. खरंखुरं रडली. मग पदरानं तोंड पुसून हळदीच्या रानात खुरपणीला बाया लावायला निघून गेली. मला तिच्या रडण्याचाही हेवा वाटला.

म्हणून तिचंच बरोबर, असं मी तुम्हाला लिहिणार नाही. मातीची पोरगी कधी उलटून विचारत नाही की माझा फ्रॉक का दिला. तू विचारलंस. फोन ठेवल्यावर मला बरं वाटत होतं. हे सुख मोठ्या आजीला मिळणार नाही. पण ते मला वर्षातून किती वेळा मिळतं, हा तिचा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर माझ्या हातात नाही.

माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. काल बाबांकडून तुम्हा दोघांची उंची मोजून मागवली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या. धाकटीची रेघ माझ्या खांद्याला आली. पट्टी पुन्हा लावून पाहिली, तरी तिथंच आली. मग कपाटातले कपडे शेजारच्या अंगणवाडीत देऊन टाकले.

पिवळा फ्रॉक मोठ्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाच्या पाल्यात घडी करून ठेवलेला आहे. घेराला हळदीचा एक डाग आहे, आणि टाचण्या तिनं काढलेल्या नाहीत.