'भाग्यलक्ष्मी'चा सातवा खलाशी

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना, करमणूक म्हणून वाचत आले. भुताखेतांची तर मी थट्टाच करते. आई म्हणते, "हिच्यासमोर देव उभा राहिला तरी ही आधी त्याचा लॉग मागेल." तर... लॉग, म्हणजे कॉम्प्युटरने ठेवलेली नोंद, माझ्याकडे आहे. तरी काही कळत नाही, म्हणून लिहितेय.

मी रत्नागिरीत, मांडवीला राहते. पुण्याची नोकरी सोडून आले, आता घरूनच प्रोग्रॅमिंगची कामं करते. त्यातलंच एक काम इथल्या एका मच्छीमार सोसायटीचं. बोट सुटण्याआधी तिच्यावर कोण कोण आहे त्याची यादी जेटीवर आणि शोधपथकाला पाठवायची.

प्रोग्रॅममध्ये बोट म्हणजे एक ऑब्जेक्ट — नाव, नंबर, बोट चालवणारा तांडेल, खलाशी, सगळं तिच्या पोटात. ते ऑब्जेक्ट जसंच्या तसं दुसऱ्या कॉम्प्युटरला देता येत नाही. घर बदलताना कपाट सुटं करून टेम्पोत घालतो, तसं ते साध्या मजकुरात उतरवायचं. त्या मजकुराला जेसन म्हणतात. महिरपी कंस उघडायचा, बोटीचं सगळं आत लिहायचं, कंस बंद करायचा. पलीकडचा कॉम्प्युटर त्यातून बोट परत जोडतो. मुद्दा एवढाच, की कपाटाला जो कप्पा नव्हताच, तो टेम्पोतून उतरत नाही.

'भाग्यलक्ष्मी'च्या यादीत सात नावं होती. सातवा दत्ताराम, दोन वर्षांपूर्वी समुद्रात बुडून गेलेला. त्या बोटीचे तांडेल काशिनाथमामा निघताना सगळ्यांची नावं पुकारतात. त्यात अजून दत्तारामचं नाव घेतात आणि "हाय" असं उत्तरही स्वतःच देतात. यादीतसुद्धा त्यांनीच ते राहू दिलं होतं.

"मामा, गेलेल्या माणसाचं नाव चालत नाही हो," मी म्हटलं.

"ऱ्हाऊंदे गो बाय त्याला. जागा खातोय काय तो तुझी?"

मी काढलं. मामा चहा अर्धा टाकून उठले. मला वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

गणपती गावाला गेले आणि त्याच आठवड्यात याद्या पाठवायला सुरुवात झाली. पहिलाच दिवस, सकाळची वेळ. एकेक फाइल तपासत होते, तर 'भाग्यलक्ष्मी'च्या मजकुरात सात नावं. शेवटचं दत्तारामचं. ऑब्जेक्ट उघडून बघितलं — सहा. डेटाबेसमध्ये सहा. मजकूर परत तयार केला — सात! जुनं काहीतरी अडकलं असेल म्हणून सगळं पुसलं, मशीन बंद करून चालू केलं. तरी सातच.

खरं सांगते, भीती नाही वाटली, चीड आली. ती ओळ हातानेच खोडणार, तेवढ्यात सोसायटीतून फोन आला. "मॅडम, बोटी सुटतायत. असेल ती यादी धाडा." मी तशीच धाडली.

दुपारी वारा फिरला आणि 'भाग्यलक्ष्मी' उलटली.

आसपासच्या तीन बोटींनी माणसं उचलली. मामांच्या डोक्याला मार लागलेला, त्यांना शुद्ध नव्हती. वायरलेसवर मोजणी झाली — सहा. पण त्या दिवशी बोटीवर खरोखरच सात जण होते. जेवण बनवणारा म्हणून प्रकाश ऐन वेळी चढला होता, त्याचं नाव कुठेच दिलेलं नव्हतं. तो दत्तारामचा मेहुणा. वाचलेल्या प्रत्येकाला वाटत होतं, प्रकाश दुसऱ्या बोटीत असेल.

शोधपथकाच्या हातात मात्र माझी यादी होती. तीत सात नावं. सहा जुळली, एक राहिलं. मग ती माणसं त्या नावाने हाका मारत पाण्यात फिरत राहिली, दीड तास.

प्रकाश एका रिकाम्या कॅनला धरून होता. हात बधिर झाले होते, सोडूनच देणार होता, असं तो नंतर म्हणाला. "आनि भावोजींच्या नावाची हाक आयकली. वाटला, माका न्यायलाच आलेत. म्हनून ओ दिली."

दुसऱ्या दिवशी मी तोच प्रोग्रॅम चालवला. सहा नावं. शंभरदा चालवला असेल, सहाच. पाठवलेल्या फाइलमध्ये मात्र अजून सात आहेत. पुण्यातल्या मित्रांना कोड दाखवला. दोघांनी मान हलवली, तिसऱ्याने विषय बदलला.

आठवड्याने सुमनवहिनी घरी आल्या, पानात गुंडाळलेला सरंगा मासा घेऊन. दत्तारामची बायको, प्रकाशची सख्खी बहीण. भाऊ घरी आला होता. नवऱ्याचं तर शेवटपर्यंत काहीच मिळालं नव्हतं. म्हणाल्या, "तो कागद बघूया जरा." मी प्रिंट काढून दिली. नावावरून त्या कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. मग विचारलं, "ह्यो येवढा कंस कसला गो?"

"त्याच्या आतलं सगळं बोटीतलं, वहिनी. कंसाबाहेरचं बोटीतलं नाही."

त्यांनी परत बघितलं. नाव कुठे आहे, कंस कुठे बंद होतो.

"म्हंजे ह्ये आतच हायत."

मी हो म्हटलं.