मामा आणि लॅबचं मागचं दार

माझा मामा कुलपं बसवतो. घरांची नाही, दुकानांची, ऑफिसांची, दवाखान्यांची. जी दारं दिवसभर येणारा-जाणारा ढकलत असतो आणि जी कुणाच्याच मालकीची वाटत नाहीत, तसली दारं. मामी त्याला म्हणते, "आपल्या कपाटाचं कुलूप कधीचं अडकतंय. त्याला ऑफिस समजा आणि एकदा हात लावा." मामा मान डोलावतो आणि चहा मागतो.

कामाला बसला की मामाची एक पद्धत आहे. आधी सगळं बंद करायला लावायचं. रेडिओ, पंखा, गप्पा, सगळं. मग दाराला कान लावायचा आणि हँडल हळूच फिरवायचं. डॉक्टर छाती तपासतात ना, तसा दिसतो तो तेव्हा. खटका कसा वाजतो यावरून त्याला कळतं की आत काय घासतंय, काय सैल झालंय. इतकी वर्षं त्याचं यावर चाललंय आणि बरं चाललंय.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काउंटरवर असते. लॅबच्या मागच्या दाराचं कुलूप मामानंच बसवलेलं, माझ्या ओळखीनं. वर डोअर क्लोजरही त्याचाच. दार सोडून दिलं की क्लोजर ते आपोआप ओढून घेतो, कुलपाची जीभ चौकटीतल्या पट्टीच्या भोकात जाते आणि झालं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. बसवून झाल्यावर मामानं आम्हाला सगळ्यांना उभं करून बजावलं होतं, "दाराला हात लावायचा नाही. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. धक्के दिलेत तर क्लोजर जाईल आणि मग मला बोलवाल." सगळे हो म्हणाले.

त्यानंतर बरेच महिने काही तक्रार नव्हती. मग एका सकाळी मी आले तर मागचं दार किलकिलं. आत एक मांजर गरम मशीनवर पसरलेलं. चोरी वगैरे काही नाही, पण मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई, घाबरल्या. लोकांची रक्तं असतात आत. दोन दिवस गेले आणि पुन्हा तेच.

संध्याकाळी शेवटी बाहेर पडतात त्या सफाईच्या मावशी. कचऱ्याच्या पिशव्या घेऊन मागच्या दारानं जातात. मॅडमनी त्यांना विचारलं.

"दार लावलं होतंत?"

"लावलं होतं."

"नक्की?"

"नक्की म्हणजे... लागलेलं बघितलं मी."

मी मामाला बोलावलं. त्यानं मोठा पंखा बंद करायला लावला, कान लावला, दार उघडून सोडलं. खट. पुन्हा सोडलं. खट. "याला काय धाड भरलीये?" मामा म्हणाला. "ठणठणीत आहे." तरी आला आहे तर म्हणून तेलपाणी केलं, पट्टी जरा सरकवली आणि गेला.

त्याच आठवड्यात दार पुन्हा उघडं सापडलं. मामा पुन्हा आला. पंखा बंद, कान दाराला. खट. या वेळी त्यानं अख्खं कुलूपच बदललं. जुनं खिशात घालून घरी नेलं आणि रात्री जेवताना ताटाशेजारी ठेवून बघत बसला. मामी मला फोनवर म्हणाली, "अगं, काय झालंय यांना? भाजीत मीठ नाही तेही बोलले नाहीत."

नवं कुलूपही तसंच वागलं.

आता संशय कुलपावरून माणसावर आला. त्यात मावशी सुट्टीवर होत्या त्या दिवशी टेक्निशियननं दार लावलं आणि सकाळी ते बंदच होतं. मॅडम तशा मनानं चांगल्या. पण त्या मला आत बोलावून म्हणाल्या, "मावशींचं वय झालंय गं. विसरत असतील. या महिनाअखेरीला त्यांना मोकळं करावं म्हणते."

मी मावशींना हे सांगणार नव्हते, पण त्यांना कळलंच. त्या भांडल्या नाहीत. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. बादलीत फडका पिळता पिळता म्हणाल्या, "आधी मला खात्री होती. आता रात्री पडल्यावर आठवायला जाते, तर दार लागलेलं दिसतं, पण ते आजचं का कालचं, कळत नाही. सूनही म्हणते, आई, तुम्ही विसरता. दोघी म्हणतात म्हणजे असेल."

कुलूप मामाचं, मामा माझा, आणि नोकरी जायची ती यांची. संध्याकाळी देवासमोर हात जोडले तर मागायचं काय तेच ठरेना. मामाचं काम चुकीचं निघू दे म्हणू, की मावशींचं डोकं ठिकाणावर असू दे म्हणू? शेवटी म्हटलं, जे असेल ते दिसू दे, बाबा.

मामाला तिसऱ्यांदा बोलावलं. तो यायलाच तयार नव्हता. "दारात काही नाही, पोरी. त्या सफाईच्या बाईंनाच विचार." मी म्हटलं, "मावशींच्या समोर येऊन म्हण तसं." तेव्हा आला, लॅब बंद व्हायच्या सुमाराला.

आल्या आल्या म्हणाला, "पंखा बंद करा."

टेक्निशियन म्हणाला, "आज नाही जमणार, काका. मशीनवर तपासण्या चालू आहेत. पंखा थांबला तर मशीन तापेल."

हा पंखा म्हणजे भिंतीत बसवलेलं धूड होतं. अलीकडे नवीन मशीन घेतलं तेव्हा आलेलं, बाहेरची हवा गाळून आत ढकलणारं. रात्रंदिवस चालू. मामा आला की तेवढा बंद व्हायचा.

मामा करवादला. "या गोंगाटात मला कप्पाळ ऐकू येणार?" पण करतो काय. बाहेर उभं राहून दार उघडलं, सोडलं. दार आलं, आलं, आणि चौकटीपाशी येऊन मंद झालं. मग टेकलं. लांबून बघितलं तर बंदच. मामानं मूठ धरून ओढली. दार उघडलं.

मामा त्या मुठीकडे बघत राहिला. पुन्हा सोडलं. पुन्हा तसंच. मी आणि टेक्निशियन एकमेकांकडे बघायला लागलो.

"आत्ताच तर नवं कुलूप..." मामा पुटपुटला. क्लोजरकडे बघितलं, बिजागऱ्या हलवल्या, खाली वाकून उंबऱ्याला हात लावला. तिथंच थांबला. दाराच्या फटीतून वारा येत होता, आतून बाहेर. त्यानं हात काढला, परत ठेवला.

"हे दार बाहेर उघडतं," तो म्हणाला. ते तर आम्हाला माहीतच होतं. "आत हवा कोंबताय तुम्ही. ती जाणार कुठं? दार आत येतंय आणि हवा त्याला बाहेर रेटतेय. शेवटी जीभ आत बसायला जोर लागतो, तोच उरत नाही."

"पण मी लावतो तेव्हा तर लागतं," टेक्निशियन म्हणाला.

"कसं लावता?"

टेक्निशियन बाहेर गेला आणि दाराला खांदा देऊन दाखवलं. दार लागलं.

मामानं माझ्याकडे बघितलं. "तू?"

"मी पण ढकलतेच," मी म्हटलं. सगळेच ढकलायचो. मामानं सांगितलेलं दुसऱ्या दिवशीच विसरून गेलो होतो.

मावशी पिशव्या घेऊन मागंच उभ्या होत्या. मामानं विचारलं, "आणि बाई, तुम्ही?"

"मी नाही हात लावत," मावशी घाईघाईनं म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होतात. मी आपली सोडून देते. टेकलं की निघते."

मामानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मॅडम आवाजानं बाहेर आल्या होत्या. मामा त्यांना म्हणाला, "यांचं काही चुकलेलं नाही. मी सांगितलेलं एवढ्या जणांत एकट्या यांनी पाळलं. आणि मी येऊन दर वेळी पंखाच बंद करत होतो." मग म्हणाला, "मधूनमधून लागत का होतं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही. बाहेरून वारा आला की लागत असेल. नसेलही."

मॅडम मावशींना म्हणाल्या, "मोकळं करायचं वगैरे काही मनात ठेवू नका हं. मी उगाच..."

मावशी आनंदल्या असं मी म्हणणार नाही. त्या गोंधळल्यासारख्या दिसत होत्या. पिशव्या खाली ठेवून त्यांनी मामाला विचारलं, "म्हणजे मी विसरत नव्हते?"

"नाही."

"मग परवा दूध उतू गेलं ते?"

मामानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "पंखा चालू होता का?"

मावशींना हसू आलं. पदर तोंडाला लावून त्या बराच वेळ हसत राहिल्या आणि मग डोळे पुसायला लागल्या.

मामा म्हणाला, जास्त जोराचा क्लोजर आणून बसवतो, आणि हवा जायला वर जाळी ठेवावी लागेल. तोवर जो बाहेर जाईल त्यानं ढकलायचं.

"ढकलू?" मावशींनी विचारलं. "नक्की?"

"ढकला."

त्या बाहेर गेल्या. पिशव्या ठेवल्याचा आवाज आला, मग दार आत आलं आणि दाणकन बसलं. थोड्या वेळानं बाहेरून मावशींचा आवाज, "लागलं का?"

मी मामाकडे बघितलं. त्यानं कान दाराला लावला होता, पण पंखा घोंगावत होता. त्यानं नकारार्थी मान हलवली. "काय कळणार यात?"

मग मी दोन्ही हात दारावर ठेवून आतून जोर लावला. हललं नाही.

"लागलंय, मावशी," मी म्हटलं.

"बरं," बाहेरून आवाज आला. चपलांचा आवाज मात्र लगेच आला नाही. मी पुन्हा एकदा दारावर जोर लावून बघितला आणि पुन्हा सांगितलं, "लागलंय. जा तुम्ही."