झाडाले काठ नसते

खाप्याच्या कोष्टीपुऱ्यात, विणकरांच्या वस्तीत, देवराव निमजेला सगळे रेल्वेवाला देवराव म्हणत. रेल्वेने त्याला सरळ रस्त्याने घेतलं नव्हतं. तो एका शब्दावर पाय घसरून तिथे जाऊन पडला, आणि मग कुणाच्याही बापाला तो तिथून हलवता आला नाही.

मोठ्या दुष्काळानंतरची वर्षं होती. माणसं सावरली होती, पण माग सावरले नव्हते. गिरण्यांचं कापड शहरात इतवारीच्या बाजारात गठ्ठ्यांनी येऊन पडायचं आणि खाप्यात एकेका घरातली खटखट बंद व्हायची. आवाज थांबलेल्या घरासमोरून जाताना लोक उगाच पावलं हळू टाकत. देवरावच्या मागाच्या खड्ड्यात कोंबडी अंडी घालायला लागली होती. रंभाबाई, त्याची बायको, मागासाठी सुताच्या कांड्या भरायची ती आता रिकामी बसून कोंबडीलाच शिव्या द्यायची.

फाल्गुन लागता लागता देवराव आपलं शेवटचं धोतर घेऊन इतवारीत गेला. पांढरंशुभ्र सूत आणि दोन्ही बाजूंना पंजाभर रुंद लाल रेशमी काठ. व्यापाऱ्याने काठावरून अंगठा फिरवला, घडी घातली आणि धोतर परत केलं.

"काठ झकास आहे गा. पन आता काठ कोन पायते?"

देवराव दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. तेवढ्यात उन्हाने लाल झालेला एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत आला. डोक्यावर भली मोठी टोपी, पायात गुडघ्यापर्यंत पट्ट्या. हे गणपतराव, पुण्याकडचे ओव्हरसियर. सातपुड्याच्या घाटातून छिंदवाड्याकडे छोट्या लाइनीची गाडी न्यायची होती आणि त्या रस्त्याची मोजणी त्यांच्याकडे होती. घाटात बंजाऱ्यांच्या बैलांची एक जुनी वाट बुजून गेली होती, ती शोधणारा माणूस त्यांना हवा होता. दुकानासमोर उभे राहून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माग काढता येतो का इथे कुणाला?"

देवराव उडालाच. "मले येते! अजी, माह्या आज्यापासून आमी मागावरच बसलो आहो."

गणपतरावांना वाटलं, जंगलात जनावरांच्या पावलांवर दबा धरून बसणारं घराणं दिसतंय. देवरावला वाटलं, साहेबलोकांचे तंबू फाटत असतील, तिथल्या तिथे कापड विणायला जंगलात माग मांडायचा असेल. दोघंही एकमेकांवर बेहद्द खूश झाले.

खाप्यात परत जाऊन त्याने जे ढोल वाजवले त्याला तोड नव्हती. "रेल्वेनं बोलावलं मले. इतवारीत येऊन, हात जोडून!" हात जोडल्याचं त्याने वाटेत कुठेतरी वाढवलं होतं.

रंभाबाई त्याचं गाठोडं बांधत होती. "जंगलात कोनासाठी विणसान जी? वाघिणीसाठी लुगडं?"

"तुले काय समजते वं. सरकारी काम आहे."

"समजते तेवढं पुरे. साऱ्या पुऱ्यात सांगत फिरले तुमी. आता चार दिवसांत तोंड घेऊन वापस आले, तं नदीवर बाया जे हासतीन ते मलेच ऐका लागन." तिने गाठ आवळली. नको असलेलं ते धोतरही तिने त्यातच घातलं. घरात ते पाहून तिला भडभडून यायचं.

घाटाच्या पायथ्याशी छावणी होती. पहिल्याच सकाळी गणपतराव कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हं देवराव, काढा माग."

देवरावने बैलगाड्यांकडे पाहिलं. "कोन्या गाडीत आहे?"

"काय?"

"माग."

मग झेंडी धरणारा बाबूलाल, जबलपूरकडचा, मोजणीच्या कामावरचा जुना खलाशी, पोट धरून खाली बसला. "ओवरसियर साब, ये तो जुलाहा है! साब ने रास्ते का माग माँगा, ये कपड़े का माग ढूँढ रहा है!" मोजणीची साखळी ओढणारी माणसं साखळी टाकून हसली. स्वयंपाकी पळीसकट बाहेर आला. देवरावही हसला, कारण दुसरं काय करणार, पण त्याचे कान तापले.

गणपतराव हसले नाहीत. चूक त्यांचीही होती आणि ती त्यांना आवडली नव्हती. "शिधा आणायला सोमवारी गाड्या सावनेरला जातात. त्यांत बसून घरी जा. तोवर पाणी भरा."

जुनी वाट जवळच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने मोहाची फुलं वेचता वेचता दाखवून दिली. देवराव पाणी भरू लागला. पाणी भरताना त्याला सोमवारची गाडी दिसायची आणि गाडीमागे खाप्याचा नदीकाठ. धुण्यावर वाकलेल्या बायका एकदम सरळ होऊन त्याच्याकडे पाहतायत. माणसाला वाघ खातो ते एकदाच. हसू रोज थोडं थोडं खातं. बाबूलाल येता-जाता विचारायचा, "क्यों देवराव, आज कितना कपड़ा बुना?" देवराव उत्तर द्यायचा, "तुह्या तोंडावर बांधाले पुरन इतकं."

मोजणी मात्र अडली होती. छावणीजवळच्या टेकाडावर गणपतरावांची दुर्बीण तिपाईवर उभी होती. समोर मोठी दरी, दरीपलीकडे उंच डोंगर. त्या डोंगरावरच्या एका ठरल्या जागी खूण दिसली, तरच मोजणीची रेघ दरी ओलांडून पुढे जाणार होती. बाबूलाल लाल झेंडी घेऊन तिकडे गेला, दिवसभर हात दुखेस्तोवर हलवत राहिला. गणपतरावांना दुर्बिणीतून जिकडे तिकडे झेंड्याच दिसल्या. पळस फुलला होता. अख्खा डोंगर लाल होऊन पेटला होता. बाबूलाल त्यात एक फूल होऊन हरवला.

दुसऱ्या दिवशी पांढरी चादर धाडली. पण पानं गळून गेलेली, आणि कुलूची झाडं आपली पांढरीफटक खोडं उघडी टाकून डोंगरभर भुतांसारखी उभी होती. चादर त्यांच्यातलंच एक भूत झाली. रंगवलेल्या काठ्या एवढ्या लांबून काडीएवढ्याही दिसेनात.

रविवारी संध्याकाळी गणपतराव तिपाईजवळ बसून टोपीने वारा घेत होते. "लाल दाखवावं तर पळस, पांढरं दाखवावं तर कुलू. या जंगलाने आपले सगळे रंग आधीच घेऊन ठेवलेत."

देवराव हंडा घेऊन आला होता. त्याने डोळे बारीक करून समोर पाहिलं. आयुष्यभर त्याने पांढरं आणि लाल याशिवाय दुसरं पाहिलंच नव्हतं, पण इतकं एकमेकांत कालवलेलं कधी नाही. पांढऱ्यात लाल शिरलेलं, लालात पांढरं शिरलेलं, कुठे सरळ रेघ नाही. जणू कुणी माग सोडून पळून गेल्यावर मांजराने सूत विस्कटून ठेवलंय.

"झाडाले काठ नसते," तो म्हणाला.

"काय?"

"लाल फूल असते, पांढरं खोड असते. पन पांढऱ्याले दोन्हीकून सरळ लाल काठ, असं झाड तुमी पायलं का कुठी? मी नाई पायलं." आणि मग त्याला राहवेना. "माह्या गाठोड्यात धोतर आहे. असा काठ आहे साहेब, का इतवारीतले व्यापारी पागल होतात पाहून!"

"तो तूने बेचा क्यों नहीं?" बाबूलालने विचारलं.

"पागल झाले म्हनूनच त घेतलं नाई!"

यावर पहिल्यांदा गणपतराव हसले. अगदी मोठ्याने नाही, पण टोपी खाली ठेवून. धोतर उलगडून त्यांनी बाभळीवर टाकलं, मागे मागे चालत बरेच लांब गेले आणि वळून पाहत राहिले. "नेऊन बघू," ते म्हणाले. "बाबूलाल, सकाळी घेऊन निघ."

"ते नाई जमाचं," देवराव म्हणाला. "धोतर माहं आहे. याच्या हाती देलं तं डोक्याले गुंडाळून येईन. मीच जातो."

"सोमवारी गाड्या निघतील."

"निघू द्या. दिसलं नाई तं पयत येऊन बसतो गाडीत."

दिसलं की गणपतराव इकडून आरसा चमकवणार, असं ठरलं.

सकाळी धोतर छातीशी बांधून देवराव दरीत उतरला. बोरीच्या काट्यांनी पोटऱ्या सोलून निघाल्या, पण धोतराला त्याने काटा लागू दिला नाही. वर पोचला तेव्हा घशात थुंकी उरली नव्हती. गणपतरावांनी ठोकवलेली खुंटी सापडली. त्याने उंच बांबू तोडला, धोतर टोकाला बांधलं आणि खुंटीवर उभा केला.

वारा पडलेला होता. धोतर बांबूला चिकटून लोंबू लागलं, चुरगळलेलं, ना पांढरं ना लाल. समोरच्या टेकाडावर काहीच चमकलं नाही. खाली, फार खाली, बैलांना जुंपताना वाजणाऱ्या घुंगरांचा आवाज आला.

तो एकटाच होता. एवढ्या मोठ्या जंगलात त्याला कुणी ओळखत नव्हतं आणि हसायलाही कुणी नव्हतं; तरी त्याला सगळीकडून हसल्यासारखं वाटलं. एक पळसाचं फूल टपकन खांद्यावर पडलं. त्याने ते झटकलं आणि स्वतःवरच ओरडला, "अरे कोष्ट्या, सैल सुतावर कोनी विणते का बे?"

त्याने बांबू आडवा टाकला. आणखी एक तोडला. खुंटीच्या दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर दोन बांबू रोवले, दगड रचून घट्ट केले, आणि धोतर दोहोंच्या मध्ये ताणलं. मागावर उभं सूत, ताणा, ओढतात तसं. एक टोक बांधायचं, दुसरं खेचायचं, पुन्हा पहिलं आवळायचं. हातांना काम आठवलं. किती महिन्यांनी आठवलं! शेवटची गाठ मारून त्याने बोटाने टिचकी मारली. कापड ढोलकीसारखं बोललं. वर एक लाल काठ, खाली एक लाल काठ, दोन्ही सुतासारखे सरळ, आणि त्यांच्यामध्ये एवढं पांढरं, की त्याच्याच डोळ्यांना झोंबलं.

तो बाजूला सरून उभा राहिला. टेकाड गप्प होतं. घुंगरं वाजत होती.

आणि मग चमकलं. एकदा. पुन्हा. मग थांबेचना, आरसा हाती असलेला माणूस भान विसरून तो हलवतच सुटला होता. सूर्याचा तुकडा दरीवरून उडत येऊन देवरावच्या डोळ्यांत घुसत होता. देवराव ओरडला. काय ओरडला ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. दरीने ते घेतलं, पलीकडच्या कड्यावर आपटलं, परत आणलं. मोरांची एक जोडी झाडावरून धाडकन उडाली, वानरं हूपहूप करू लागली. उघड्या अंगाने, रक्ताळलेल्या पायांनी, पंचा सावरत देवराव धोतराभोवती नाचला. गिरण्या, इतवारी, बंद घरं, सगळी त्या क्षणी त्याच्या टाचेखाली होती. सातपुड्यात ते एकच कापड होतं आणि एक मोठा डोंगर त्याच्यापुढे मागे सरला होता.

दुपारी गणपतराव आणि बाबूलाल तिथे पोचले. गणपतरावांनी घामेजलेला हात आधी पाटलोणीला पुसला आणि मगच काठाला लावला.

"ओलांडली रेघेने दरी," ते म्हणाले. "लख्ख दिसला. डोळा लावला आणि समोर हाच."

देवराव कान देऊन ऐकत होता. घुंगरं आता ऐकू येत नव्हती. "गाड्या गेल्या का जी?"

"केव्हाच."

"मंग मी?"

"तुम्ही धोतर सोडू नका. या जागेवरून पुढचा डोंगर गाठायचाय, आणि तिथेही पळस आहे."

बाबूलाल दगडावर टेकला होता. धापा टाकत त्याने विचारलं, "मतलब हर पहाड़ पर अब तू ही चढ़ेगा?"

"मंग कोन चढन?" देवराव गाठ आणखी आवळत म्हणाला. "तुले ताणता येते का?"